सासूबाईंचे गुडघे आणि बेसमेंटचा जिना

ताई, नमस्कार. गेल्या सप्टेंबरात आम्ही शिकागोजवळच्या अपार्टमेंटमधून आयोवातल्या बेंटन काउंटीत, व्हिंटनपासून आठ मैलांवरच्या एका जुन्या फार्महाउसमध्ये राहायला आलो. चहूकडे मका आणि सोयाबीन, शेजारचं घर पाऊण मैलावर. नवरा सीडर रॅपिड्सला नोकरीला जातो. मी घरून काम करते, पण आठवड्यातून दोन दिवस मलाही ऑफिसला जावं लागतं. मुलगी सहा वर्षांची आहे. एप्रिलमध्ये सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरायला खूप वेळ लागतो. शिवाय २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यामुळे जमिनीखाली जाऊन बसायचं म्हटलं की त्या घाबरतात. नवरा म्हणतो, इथले लोक टॉर्नेडो आला की पोर्चवर उभं राहून बघतात, तू उगाच टेन्शन घेतेस. पण रात्री वारा सुटला की मी उठून बसते. काय काय घरात ठेवायचं याच्या इतक्या याद्या वाचल्यात की आता एकही धड लक्षात राहत नाही. मी खरंच उगाच घाबरतेय का? आणि सुरुवात कुठून करू?
— मक्याच्या शेतांमधली एक

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

तू उगाच घाबरत नाहीस. मी तुझ्या शेजारच्या लिन काउंटीत तीस वर्षं राहतेय, तीही गावाबाहेर, बोअरवेलच्या पाण्यावर. त्यामुळे तुझं घर मला न बघताही दिसतंय. तुझी भीती खरी आहे, पण ती सगळी एकाच गोष्टीवर जाऊन बसली आहे. टॉर्नेडोचा पट्टा अरुंद असतो. तो नेमका तुमच्याच घरावरून जाईल ही शक्यता कुठल्याही एका वर्षात थोडीच. त्याची तयारी करायचीच, कारण तो आला तर दुसरी संधी मिळत नाही. पण सात-आठ दिवस वीज नाही आणि विजेविना पाणीही नाही, हा प्रसंग तुझ्या घरावर कधी ना कधी येणारच, असं धरून चाल. मी त्यातून गेले आहे, म्हणून आधी तेच सांगते.

१० ऑगस्ट २०२०, सोमवार. दुपारी साडेबाराच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ असं काळवंडून आलं की घरात दिवे लावावे लागले. मला वाटलं, पाऊस येतोय. मी वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर पडले आणि अंगण ओलांडायच्या आतच वाऱ्याने मला ढकलून दिलं. नवऱ्याने हाताला धरून आत ओढलं. पुढचा अर्धा-पाऊण तास आम्ही बेसमेंटमध्ये बसून वरचं घर करकरताना ऐकत होतो. त्या वादळाचं नाव डेरेचो. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ सरळ. टॉर्नेडोचा वारा गरगर फिरतो, डेरेचोचा वारा भिंतीसारखा सरळ रेषेत चालून येतो. हा शब्द वादळांसाठी पहिल्यांदा वापरला तो इथेच, आयोवा विद्यापीठातल्या गुस्ताव्हस हिनरिक्स या प्राध्यापकांनी, १८८८ मध्ये. मला तोवर ठाऊक नव्हता.

ते वादळ सुमारे ७७० मैल चाललं, चौदा तासांत. तुमच्या काउंटीतल्या ॲटकिन्सजवळ वाऱ्याचा वेग ताशी १२६ मैल मोजला गेला, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. सीडर रॅपिड्समध्ये झालेलं नुकसान बघून हवामान खात्याने तिथला वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेला असावा असा अंदाज काढला. डोक्यापेक्षा उंच वाढलेला मका मैलोन् मैल आडवा झाला होता, धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या चुरगळून रस्त्यावर येऊन पडल्या होत्या. विजेचे खांब तर ओळीने मोडले होते. मोबाइलचे टॉवर बंद पडले, त्यामुळे पुण्याला बहिणीला 'आम्ही ठीक आहोत' एवढं कळवायला मला तीन दिवस लागले. आमच्याकडे वीज आली नवव्या दिवशी.

त्या नऊ दिवसांत मला कळलं की माझं घर भरलेलं होतं, पण तयार नव्हतं. डब्यात दहा किलो तांदूळ, डाळी, पीठ, सगळं होतं. शेगडी मात्र विजेची. फ्रीझर गच्च भरलेला, तो दोन दिवसांनी फेकून द्यावा लागला. आणि नळाला पाणी नव्हतं, कारण बोअरचा पंप विजेवर. गावात राहणाऱ्यांना पाण्याच्या टाकीचा आधार असतो, तुला-मला नाही. पंप थांबला की नळ थांबतो, फ्लशही थांबतो. म्हणून सुरुवात कुठून करू या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर पाणी हे आहे.

माणशी रोज एक गॅलन धर, म्हणजे पावणेचार लिटर. हे पिण्याचं आणि जेमतेम स्वयंपाकाचं. चौघांचे सात दिवस म्हणजे २८ गॅलन, शंभर लिटरच्या थोडं वर. सांगलीत मोठ्या पिंपात याच्या दुप्पट मावतं, तेव्हा हे काही डोंगराएवढं काम नाही. पाच-सात गॅलनचे नळाचे कॅन मिळतात, ते घे. फार मोठे घेऊ नकोस, भरल्यावर उचलवत नाहीत. सहा महिन्यांनी पाणी बदल. आणि वादळाचा अंदाज आला की बाथटब भरून ठेव, ते फ्लशला. बादलीने ओतलं की फ्लश चालतो, हे इथे वाढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. सासूबाईंना शिकवावं लागणार नाही.

जेवणासाठी 'आपत्कालीन' म्हणून विकतात ती महागडी पाकिटं घेऊ नकोस. जे घरात कोणी खात नाही ते संकटातही कोणी खात नाही. आपल्याकडे न शिजवता खाण्यासारखं किती आहे बघ: दडपे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बेसनाचे लाडू. त्यात मुलीसाठी पीनट बटर आणि दुधाची पावडर घाल. नेहमी घरात असतं त्यापेक्षा दोन आठवड्यांचं जास्त आण आणि वापरत-भरत राहा. तुमची शेगडी प्रोपेन गॅसची असेल तर वीज नसतानाही बहुतेक वेळा काडी लावून बर्नर पेटवता येतो, एकदा करून बघ. विजेची असेल तर छोटा कॅम्पिंगचा स्टोव्ह घे आणि तो फक्त बाहेर, उघड्यावर वापर. फ्रिज उघडला नाही तर आतलं चार तास टिकतं. फ्रीझर भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. त्यानंतर जीव तुटला तरी टाकून द्यायचं.

आता टॉर्नेडो, आणि सासूबाईंचे गुडघे.

दोन शब्द आहेत आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांतला फरक कळायला हवा. 'वॉच' म्हणजे आज हवा अशी आहे की टॉर्नेडो होऊ शकतो. 'वॉर्निंग' म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, आता लगेच आडोशाला जा. वॉच पुष्कळदा काही तास चालू असतो. वॉर्निंगनंतर मात्र हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी त्याहूनही कमी. तू आणि मुलगी तेवढ्या वेळात तीनदा खाली जाऊन याल. सासूबाईंना तेवढा वेळ एका जिन्यालाच लागेल, आणि घाईत पाय घसरला तर वादळाआधीच अपघात.

म्हणून तुमच्या घरासाठी मी नियम बदलते: सासूबाईंसाठी वॉच हीच वॉर्निंग. वॉच लागला की चहा पिऊन होऊ द्या, औषधं घ्या आणि सावकाश, कठड्याला धरून त्यांना खाली न्या. तिथे हात टेकायला असलेली चांगली खुर्ची ठेव, सतरंजी, शाल, दिवा, पत्त्यांचा डाव ठेव. संध्याकाळ खाली काढायची, एवढंच. काही झालं नाही तर पुन्हा वर. असं मे-जूनमध्ये चार-पाच वेळा होईल, एखाद्या वर्षी जास्तही. त्याला 'उगाच खाली बसलो' असं कोणी म्हणायचं नाही, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेव.

जिन्याला बहुतेक एकाच बाजूला कठडा असेल. एप्रिलच्या आधी दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या, पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्टी लावा आणि जिन्यात बॅटरीवर चालणारा दिवा लावा. साऱ्या तयारीत तुमच्या घराला सगळ्यांत जास्त उपयोग याच कामाचा होईल.

आणि खाली जाणं जमलंच नाही तर? तर तळमजल्यावरची सगळ्यांत आतली, खिडकी नसलेली छोटी जागा. जुन्या फार्महाउसमध्ये ती जिन्याखालची कपाटाची खोली किंवा मधलं बाथरूम असतं. तुझं घर फिरून बघ, बाहेरच्या वाऱ्यात आणि त्या जागेत जितक्या जास्त भिंती तितकं बरं. तिथे एक स्टूल आणि जाड रजई कायम ठेव. खिडक्या उघडल्या तर घर वाचतं असं कोणी सांगेल, त्यात तथ्य नाही. तो वेळ आडोशाला जाण्यात घालवायचा.

दोन्ही जागी प्रत्येकाचे पायात घालायचे बंद बूट आणि सायकलचं हेल्मेट ठेव. वादळ गेल्यावर जमिनीवर काचा आणि खिळे असतात, आणि आपण घरात अनवाणी असतो. एक शिट्टीही ठेव. अडकलेल्या माणसाचा आवाज बसतो, शिट्टीचा बसत नाही.

सासूबाईंना बेसमेंटमध्ये पाणी भरण्याची भीती वाटते, ती खुळी भीती समजू नकोस. अशा घरांच्या बेसमेंटमध्ये जमिनीत एक खड्डा असतो, त्यात झिरपून आलेलं पाणी संप पंप बाहेर फेकतो. तो पंप विजेवर चालतो, आणि वीज जाते ती नेमकी मुसळधार पावसात. म्हणजे त्या म्हणतात ते पाणी खरंच येऊ शकतं. त्यावर बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवता येतो, तो बसवा. मग त्यांना खाली नेऊन तो खड्डा दाखव, वरून बादलीभर पाणी ओतून पंप चालू होताना दाखव. छातीएवढं पाणी बघितलेल्या बाईला 'काही होत नाही' म्हणून धीर येत नाही. पंप पाणी फेकताना दिसला की येतो.

तू ऑफिसला असशील त्या दोन दिवसांचं काय, हे तू पत्रात विचारलं नाहीस, पण रात्री उठून बसतेस ते बहुधा त्यासाठीच. सायरनच्या भरवशावर राहू नकोस. ते बाहेर असलेल्या लोकांसाठी असतात, आणि गावापासून आठ मैलांवर बंद घरात ते ऐकू येणारच नाहीत. त्याऐवजी वेदर रेडिओ घे. तीस-चाळीस डॉलरला मिळतो, विजेवर आणि बॅटरीवर दोन्हीवर चालतो, आणि इशारा आला की झोपेतून उठवेल असा कर्कश वाजतो. त्यात आपल्या काउंटीचा आकडा घालता येतो, म्हणजे दूरच्या काउंटीच्या इशाऱ्यांनी तो उगाच ओरडत नाही. बेंटन काउंटीचा आकडा ०१९०११. इशारे येतात ते हवामान खात्याच्या क्वाड सिटीज कार्यालयातून. एक रेडिओ सासूबाईंच्या खोलीत ठेव, एक तुमच्या.

फोनवरचे सरकारी इशारे चालू आहेत का तेही बघ, आणि सासूबाईंच्या फोनमध्ये इथलं सिम घाल. २०२० च्या त्या दुपारी वादळी वाऱ्यासाठी फोन असे आपोआप वाजत नसत. ऑगस्ट २०२१ पासून ताशी ८० मैल किंवा त्याहून जास्त वाऱ्याचा इशारा असेल तर वाजतात. तेव्हा टॉर्नेडो हा शब्द नसला तरी फोन वाजला की खालीच जायचं.

रेडिओवर बोलतात ते इंग्रजी भराभर असतं. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिही: रेडिओ वाजला आणि 'टॉर्नेडो वॉर्निंग' ऐकू आलं तर मधल्या बाथरूममध्ये जायचं, दार लावायचं, स्टुलावर बसून डोक्यावर रजई घ्यायची, फोन सोबत ठेवायचा. त्याखाली ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर, घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव देवनागरीत, जसं बोलायचं तसं. हा कागद रेडिओच्या वरच चिकटव. त्या एकट्या असतील तेव्हा त्यांनी जिन्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वॉच लागेल अशी हवा सांगितली असेल त्या दिवशी तू किंवा नवरा, कोणीतरी एकाने घरून काम करायचं. अशा हवेचा अंदाज बहुतेक वेळा आदल्या दिवशी कळतो. ऑफिसात हे सांगायला संकोच करू नकोस. इथले वरिष्ठही इथेच वाढलेले असतात.

मग तालीम. मार्चच्या शेवटी आयोवात वादळ-जागृतीचा आठवडा असतो, त्यातल्या बुधवारी राज्यभर टॉर्नेडोचा सराव होतो. तुझी मुलगी शाळेत तो करेलच, गुडघ्यांवर बसून, डोक्यावर हात घेऊन. सासूबाई आल्यावर पहिल्या शनिवारी घरात पुन्हा करा आणि आजीला शिकवायचं काम मुलीकडे द्या. लेकरू सांगतं तेव्हा आजी ऐकते, आणि लेकराची भीतीही सांगता-सांगता कमी होते. घड्याळ लावा. किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा. आठवड्याने पुन्हा, आणि एकदा रात्री दिवे बंद करून.

पोर्चवर उभ्या राहणाऱ्या लोकांबद्दल. ते उभे राहतात, मीही बघितलेत. पण त्यांचं उभं आयुष्य हे आभाळ बघण्यात गेलंय, आणि पाठीमागे दहा पावलांवर बेसमेंटचं दार असतं. तरीही ते चुकतात. पावसाच्या पडद्याआड असलेला टॉर्नेडो दिसत नाही, रात्रीचा तर नाहीच. आयोवातल्याच विंटरसेटला ५ मार्च २०२२ ला टॉर्नेडो आला, म्हणजे मोसम सुरू व्हायच्याही आधी, आणि मॅडिसन काउंटीत सहा माणसं गेली. ग्रीनफिल्डचा २१ मे २०२४ चा, त्यात पाच जणांचा जीव गेला. दोन्ही गावं तुमच्यासारख्याच शेतीच्या काउंटीतली. नवऱ्याला हे आकडे भांडणात तोंडावर फेकू नकोस. त्यांच्याकडे एक शनिवार माग, आणि त्यांना हाताने करायची कामं दे: कठडा, संप पंप, जनरेटर. तू भितेस हे ऐकून त्यांना काय करावं ते सुचत नसेल, म्हणूनही 'उगाच' म्हणत असतील. काम दिलं की सुचतं.

जनरेटरवर मी जरा कडक बोलणार आहे. बोअरचा पंप, फ्रिज आणि संप पंप चालवायला तो फार उपयोगी, घेता आला तर घ्या. पण वादळात वाचलेली माणसं नंतर जनरेटरच्या धुराने जातात. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. जनरेटर गॅरेजमध्ये नाही, पोर्चवर नाही, खिडकीपाशी नाही. घरापासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड घरापासून उलट दिशेला. प्रत्येक मजल्यावर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरवर नेणारा स्विच, बसवूनच. नाहीतर तुमची वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला मारते. तुमच्याकडे वीज बहुधा ग्रामीण वीज सहकारी संस्थेची असेल. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर या भागातल्या शेतकऱ्यांनी अशा संस्था उभ्या करून आपल्या शेतांवर तारा आणल्या. तुम्हीही त्या संस्थेचे सभासद असाल. घरात वयस्कर माणूस आहे, वैद्यकीय उपकरण आहे, असं काही असेल तर त्यांच्या कार्यालयात आधीच नोंदवून ठेव.

नदीचं काय? सीडर नदी व्हिंटनवरूनच पुढे सीडर रॅपिड्सला जाते. तिथे जून २००८ मध्ये तिची पातळी ३१.१२ फुटांवर गेली. त्याआधीचा विक्रम वीस फुटांचा होता, १८५१ आणि १९२९ मधला, त्यामुळे एवढं पाणी येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. सासूबाईंना पातळी म्हणजे काय हे सांगायला नको. आयर्विन पुलाला चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे सांगलीतल्या घराघरात पाठ असतं. त्यांना सीडर नदीची रोजची पातळी फोनवर कशी बघायची ते दाखव आणि पावसाळी आठवड्यात ते काम त्यांच्याकडेच सोपव. त्या तुमच्या घरात नुसत्या सांभाळायच्या पाहुण्या नाहीत. पुराचं पाणी घरात शिरलेलं पाहिलेलं तुमच्याकडचं एकमेव माणूस त्या आहेत. पुरानंतर काय लागलं, काय वाहून गेलं, कोणता कागद मिळायला वर्ष गेलं, हे त्यांना विचार. माझ्या यादीपेक्षा त्यांची यादी खरी निघेल.

तुमचं घर नदीपासून उंचावर असेलही, पण खालच्या ओढ्यांवरचे खडीचे रस्ते वाहून जातात. पाण्याखाली रस्ता आहे की नाही हे वरून कळत नाही, आणि फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं. पाणी दिसलं की गाडी मागे फिरवायची, घर समोर दिसत असलं तरी. पुराचं पाणी बोअरच्या तोंडापर्यंत आलं तर तपासणी होईपर्यंत ते पाणी प्यायचं नाही. काउंटीच्या आरोग्य खात्याकडे खासगी बोअरच्या तपासणीची सोय असते. मी तर म्हणते आत्ताच एकदा करून घे, कारण शेतीच्या भागात खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचीही काळजी घ्यावी लागते.

विम्याचे कागद आज रात्रीच काढ. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि राष्ट्रीय योजनेतला विमा साधारणपणे घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो, त्यामुळे नदी वाढल्यावर घेऊन उपयोग नाही. संप पंप बंद पडून बेसमेंटमध्ये आलेल्या पाण्याचं कलमही बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं. वारा आणि गारांसाठी आपल्या खिशातून द्यायची रक्कम किती आहे तेही वाच, अनेक पॉलिसींत ती वेगळी आणि मोठी असते. मग फोन घेऊन घरभर फिर, प्रत्येक कपाट उघडून व्हिडिओ काढ.

कागदपत्रांची एक पाणी न शिरणारी पिशवी कर आणि ती बेसमेंटच्या जिन्यापाशी ठेव. पासपोर्ट, व्हिसाचे आणि ग्रीन कार्डचे जे असतील ते कागद, मुलीचा जन्मदाखला, विमा, सासूबाईंचा पासपोर्ट आणि त्यांच्या प्रवासी आरोग्य विम्याची पॉलिसी. परदेशात कागद हरवलेला माणूस किती अडकतो हे तुला माहीत आहे. सासूबाई सहा महिन्यांची औषधं भारतातून आणतील. त्यातली दोन आठवड्यांची वेगळी काढून त्याच पिशवीत घाल, सोबत औषधांची नावं इंग्रजीत लिहिलेला कागद. थोडी रोख रक्कमही, लहान नोटांत. आमच्याकडे नऊ दिवस कार्ड चालवणारं एकही दुकान जवळ नव्हतं.

हिवाळ्याचं सविस्तर पुन्हा कधीतरी लिहीन, तोवर सासूबाई परत गेलेल्या असतील. आत्ता एवढंच लक्षात ठेव की प्रोपेनची टाकी भरलेली असली तरी घर गरम करणाऱ्या भट्टीचा पंखा विजेवर असतो, म्हणजे बर्फाच्या वादळात वीज गेली की घर गार पडतं. नोव्हेंबर ते मार्च गाडीत घोंगडी, फावडं आणि खाणं ठेव, पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस.

हे सगळं एका आठवड्यात होणार नाही, आणि करूही नकोस. या महिन्यात पाणी, रेडिओ आणि जिन्याचा कठडा. पुढच्या महिन्यात पंप आणि कागद. जनरेटर उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतो.

पण एक काम याच रविवारी कर. पाऊण मैलावरच्या त्या घरी जा, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन. सप्टेंबरात आलात म्हणतेस आणि शेजाऱ्यांचं नावही तुझ्या पत्रात नाही. २०२० ला आमच्या गाडीवाटेवर आडवी पडलेली तीन झाडं कापायला कोणतंही खातं आलं नाही. पलीकडचा शेतकरी आला, चेनसॉ घेऊन. त्याच्या स्वतःच्या गोठ्याचं छप्पर उडालेलं होतं. तोवर दहा वर्षं आम्ही त्याच्याशी गाडीतून हात हलवण्यापलीकडे बोललो नव्हतो. तेव्हा नारळाच्या वड्या घेऊन जा, आणि त्यांना सांग की एप्रिलमध्ये आमच्या सासूबाई येतायत, त्यांना जिना उतरायला वेळ लागतो, मंगळवारी आणि गुरुवारी, किंवा तुझे जे दिवस असतील ते, त्या घरात एकट्या असतात. फोन नंबर कागदावर लिहून द्या-घ्या. त्यांचं बेसमेंट बाहेरून सरळ उतरता येणारं आहे का ते विचार, पुष्कळ जुन्या घरांना तसं दार असतं. आणि वादळानंतर तुम्ही त्यांच्यासाठी काय करू शकता, तेही विचारून ये.

तुझी,
ताई